मोकळी, पण बेवारस नव्हेत

‘मोकाट जनावरे’ म्हटले की शहरातील वाचकाच्या डोळ्यांसमोर रस्त्याच्या मधोमध निवांत रवंथ करीत बसलेल्या गाई उभ्या राहतात. युरोपातील अनेक देशांत मात्र गेल्या चार दशकांत गुरे आणि तट्टे जाणीवपूर्वक मोकळी सोडण्याची एक पद्धत रुजली आहे. निसर्गसंवर्धन करणाऱ्या संस्था, वनखाती किंवा जमीनमालक शेकडो हेक्टरांच्या कुरणांत आणि पाणथळ जागांत काटक जातींचे कळप बारमाही ठेवतात. या जनावरांना गोठा नसतो आणि संध्याकाळी घरी परतणे नसते. वैरणही सहसा टाकली जात नाही. दूधदुभते किंवा ओढकाम हा त्यांना पाळण्याचा हेतू नसतो. काही ठिकाणी कळपातील जास्तीच्या गुरांचे मांस विकले जाते; परंतु त्यांचे मुख्य काम चरणे हेच. या पद्धतीला ‘संवर्धन-चराई’ म्हणता येईल.

ही पद्धत वरवर पाहता सोपी वाटते. जनावर सोडावे, कुंपण घालावे आणि निसर्गाला त्याचे काम करू द्यावे. पण फेब्रुवारीच्या कडाक्याच्या थंडीत एखाद्या गाईची हाडे दिसू लागली तर तिची जबाबदारी कोणावर? तिला रानटी मानून तिच्या नशिबावर सोडावे, की पाळीव मानून वाचवावे? संवर्धन-चराईच्या साऱ्या वादांचे मूळ या प्रश्नात आहे. जिथे या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर सापडले, तिथे ते नियमित, डोळस तपासणीतून सापडले.

चराई कशासाठी?

गवताळ किंवा पाणथळ जमीन मोकळी सोडली की बहुतेक ठिकाणी तिच्यावर आधी उंच गवत, मग झुडपे आणि कालांतराने झाडी वाढते. उघड्या जमिनीवर जगणारी फुलझाडे, फुलपाखरे आणि जमिनीवर घरटी करणारे पक्षी त्यामुळे हद्दपार होतात. यंत्राने गवत कापणे हा एक उपाय आहे; पण यंत्र सारे एकाच उंचीवर कापते. जनावरांचे तसे नसते. गुरांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ती जिभेने गवताचा झुबका वेढून ओढतात आणि त्यामुळे मागे उंच-सखल गवत राहते. घोड्याला दोन्ही जबड्यांत पुढचे दात असल्याने तो जमिनीलगत कुरतडतो. दोघे एकत्र चरले की कुठे उघडी जमीन, कुठे गुडघाभर गवत, कुठे झुडूप असा विविधरंगी पट तयार होतो. शेण आणि लीद यांवर कीटक वाढतात आणि त्या कीटकांवर पक्षी.

भारतालाही या विषयाची ओळख एका कटू अनुभवातून झाली. राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात १९८२ मध्ये म्हशींच्या चराईवर बंदी आली. त्या वेळी गावकऱ्यांचा उद्रेक होऊन पोलिसांच्या गोळीबारात माणसे मृत्युमुखी पडली. पुढे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घकालीन अभ्यासात असे आढळले की, चराई थांबल्यानंतर पास्पालम हे गवत पाणवठ्यांत बेसुमार माजले आणि त्याचा फटका पाणपक्ष्यांना बसला. चरणारे जनावर निसर्गाचे शत्रूच असते हा समज त्या अभ्यासाने खोटा ठरवला.

इंग्लंडमधील केंब्रिजशर परगण्यातील विकेन फेन हे या प्रयोगाचे एक परिचित उदाहरण आहे. नॅशनल ट्रस्ट या संस्थेने १८९९ मध्ये येथील दलदलीचा पहिला तुकडा विकत घेतला. शतकभरानंतर, आजूबाजूची शेतजमीन टप्प्याटप्प्याने पुन्हा निसर्गाच्या स्वाधीन करण्याची योजना आखली गेली. त्या जमिनीवर चरण्यासाठी २००१ मध्ये पोलंडमधील कोनिक जातीची तट्टे आणि नंतर स्कॉटलंडची लांब केसांची हायलँड गुरे आणण्यात आली. ओलसर जमीन, निकृष्ट चारा आणि थंडी यांत तग धरणाऱ्या या जाती आहेत. तथापि ‘काटक’ या शब्दाचा अर्थ ‘कशाचीही गरज नसलेली’ असा होत नाही.

कुंपणामुळे येणारी जबाबदारी

खऱ्या अर्थाने रानटी प्राणी चारा संपला की स्थलांतर करतो. दुर्बळ झालेल्या प्राण्याला लांडग्यासारखा शिकारी लवकर संपवतो. संवर्धन-चराईच्या बहुतेक जागांत या दोन्ही वाटा बंद असतात. चहूबाजूंनी कुंपण असते आणि मोठे शिकारी प्राणी बहुधा नसतात. जनावर तिथे स्वतःहून आलेले नसते आणि त्याला स्वतःहून जाताही येत नाही. ज्याने कुंपण घातले, त्याच्याकडे जबाबदारी आपसूक येते, हा युक्तिवाद इथे टाळता येत नाही.

ब्रिटनच्या कायद्यानेही साधारण हीच भूमिका घेतली आहे. शेतीतील जनावरांच्या हलाखीचा विचार करणाऱ्या ब्रॅम्बेल समितीने १९६५ मध्ये अहवाल दिला आणि त्यातूनच पुढे भूक-तहान, अस्वस्थता, वेदना-आजार, भीती यांपासून मुक्तता आणि स्वाभाविक वर्तनाची मोकळीक ही ‘पाच स्वातंत्र्ये’ आकाराला आली. इंग्लंड आणि वेल्सच्या २००६ च्या प्राणिकल्याण कायद्याने जनावराची जबाबदारी असलेल्या प्रत्येकावर त्याच्या गरजा भागवण्याचे कर्तव्य टाकले. गोठ्यातील जनावरांसाठी रोज किमान एकदा पाहणी बंधनकारक आहे. शेतीसाठी पाळलेल्या, पण माणसाच्या सततच्या लक्षावर अवलंबून नसलेल्या जनावरांच्या बाबतीत २००७ चे इंग्लंडमधील नियम सांगतात की, कोणतीही यातना टळेल इतक्या अंतराने त्यांची पाहणी व्हावी. दिवसांचा आकडा कायद्याने मुद्दामच दिलेला नाही. हे अंतर ऋतू, हवामान, विण्याचा काळ आणि भूभाग पाहून जबाबदार माणसाने ठरवायचे असते.

पाहणीला निघालेला काय पाहतो?

अशी पाहणी करणाऱ्यांना इंग्लंडच्या काही भागांत ‘लुकर’ म्हणतात. केंट परगण्यातील रॉमनी मार्श या दलदली प्रदेशात पूर्वी अनेक शेतकऱ्यांच्या मेंढरांवर नजर ठेवण्यासाठी पगारी लुकर असत. त्यांच्या विटांच्या खोपट्यांपैकी काही आजही उभी आहेत. हाच शब्द आता स्वयंसेवकांसाठी वापरला जातो. स्थानिक रहिवाशांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडे ठरावीक दिवशी कळप पाहून येण्याचे काम सोपवले जाते. निवृत्त शिक्षकापासून विद्यार्थ्यापर्यंत कोणीही हे काम करू शकतो. मात्र उपचार करणे किंवा जनावर हाताळणे त्याच्याकडे नसते. त्याने पाहायचे आणि कळवायचे.

पहिली पायरी मोजणीची. कळपात एक जनावर कमी भरले तर ते शोधल्याशिवाय पाहणी पूर्ण होत नाही. आजारी किंवा जखमी जनावर पुष्कळदा कळपापासून अलग पडते. दुसरीकडे, विण्यास आलेली गाय आडोसा गाठते आणि वासराला उंच गवतात दडवून चरायला जाते. असे एकटे पडलेले वासरू अनाथ समजून उचलणे ही घोडचूक ठरते. त्यामुळे कोणती गाय गाभण आहे, हे पाहणाऱ्याला आधीच ठाऊक असावे लागते.

दुसरी पायरी दुरून पाहण्याची. माणूस जवळ गेला की जनावर सावध होते आणि दुखणे लपवते. म्हणून आधी काही वेळ दुर्बिणीतून पाहावे असे सांगितले जाते. सारी चरत असताना एखादेच मान खाली घालून उभे आहे काय, उठताना त्रास होतो काय, रवंथ चालू आहे काय, चालताना डोके वरखाली होते काय, हे त्यात पाहतात. पुढच्या पायाने लंगडणारे तट्टू दुखरा पाय टेकताना डोके वर उचलते, हे नवख्यालाही थोड्या सरावाने ओळखता येते.

त्यानंतर जवळून पाहणे. उन्हाळ्यात माश्यांमुळे पसरणाऱ्या संसर्गाने गुरांच्या डोळ्यांतून पाणी येते आणि बुबुळ पांढुरके होते. या रोगाला इंग्लंडमध्ये एका जंगलाच्या नावावरून ‘न्यू फॉरेस्ट आय’ म्हणतात. मऊ जमिनीवर राहणाऱ्या तट्टांचे खूर झिजत नाहीत. ते वाढून फाटले तर तासावे लागतात. शेण पातळ आहे काय, शेपटीखालचा भाग माखला आहे काय, यावरून जंत किंवा पोटाचे विकार कळतात. शेवटी परिसराची पाहणी होते. पाणवठा गोठला तर नाही, पुराचे पाणी चढले असता कळपाला उंचवटा गाठता येतो काय, कुंपणाची तार तुटून कोणाच्या पायात अडकण्याचा धोका आहे काय, हे पाहिले जाते. शरद ऋतूत ओकची कच्ची फळे गुराघोड्यांना विषारी ठरतात, तेव्हा ओकच्या झाडांखालची पाहणी वाढवावी लागते.

अंगावरच्या मांसाचे गणित

या साऱ्यात सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत फसवे निरीक्षण म्हणजे जनावराची अंगकाठी. त्यासाठी गुणांची पद्धत वापरतात. अमेरिकेत १९८३ मध्ये हेनेके यांनी घोड्यांसाठी १ ते ९ अशी श्रेणी मांडली. ब्रिटनमध्ये तट्टांसाठी ० ते ५ आणि गुरांसाठी १ ते ५ ही श्रेणी प्रचलित आहे. किमान आकडा म्हणजे हाडांचा सापळा आणि कमाल म्हणजे लठ्ठपणा. मान, पाठीचा कणा, बरगड्या, पुठ्ठा आणि शेपटीचा बुंधा या ठिकाणी चरबी व स्नायू किती आहेत, यावरून गुण ठरतात.

हिवाळ्यातील दाट केस बरगड्या झाकून टाकतात. गुबगुबीत दिसणारे तट्टू प्रत्यक्षात कृश असू शकते आणि गवत खाऊन फुगलेल्या पोटामुळे ही फसगत आणखी वाढते. म्हणून मागच्या बाजूने उभे राहून पुठ्ठ्याची गोलाई आणि कण्याचा उंचवटा पाहतात. शक्य असेल तिथे हात लावून खात्री करतात. दर महिन्याला त्याच कोनातून छायाचित्र घेतले तर बदल नेमका कळतो. कारण एका दिवसाचा आकडा फारसा बोलत नाही. आकडा कोणत्या दिशेने सरकतो आहे, हे महत्त्वाचे.

मोकळ्या जनावराचे वजन ऋतूप्रमाणे चढते-उतरते. उन्हाळ्याअखेर चरबी साठते आणि वसंतापर्यंत ती खर्ची पडते. तट्टांच्या बाबतीत ही घट हितकारकही असते; वर्षभर लठ्ठ राहिलेल्या तट्टाला वसंतातील रसरशीत गवताने खुरांच्या आतील भागाचा वेदनादायक दाह होण्याची भीती असते. त्यामुळे मार्चमध्ये काहीसे रोडावलेले तट्टू म्हणजे हेळसांड नव्हे. मात्र तीच अवस्था नोव्हेंबरात असेल तर ती धोक्याची घंटा आहे, कारण संपूर्ण हिवाळा पुढे असतो.

ओस्टवार्डर्सप्लासनचा धडा

हा फरक दुर्लक्षित राहिला तर काय होते, याचे उदाहरण नेदरलँड्सने जगाला दाखवले. समुद्रसपाटीखालच्या फ्लेव्होलांड प्रांतात १९६८ मध्ये पाणी हटवून जमीन तयार झाली. कारखान्यांसाठी राखलेला तिचा सखल भाग दलदलीचा राहिला आणि तिथे पक्ष्यांचे नंदनवन फुलले. सुमारे ५,६०० हेक्टरांचे हे क्षेत्र म्हणजे ओस्टवार्डर्सप्लासन. परिसंस्थातज्ज्ञ फ्रान्स वेरा यांच्या विचारांना अनुसरून तिथे १९८३ मध्ये हेक गुरे, १९८४ मध्ये कोनिक तट्टे आणि १९९० च्या दशकात लाल हरणे सोडण्यात आली. हेक गुरे म्हणजे १६२७ मध्ये पोलंडमध्ये नामशेष झालेल्या ऑरॉक्स या रानबैलाची प्रतिकृती घडवण्याच्या प्रयत्नातून जर्मनीत तयार झालेली जात.

जनावरांना रानटी समजून त्यांच्या संख्येत हस्तक्षेप करायचा नाही, हे येथील धोरण होते. संख्या हजारोंवर गेली. वाईट हिवाळ्यात भूकबळी वाढू लागल्यावर २००६ आणि २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समित्यांनी अहवाल दिले. जे जनावर हिवाळा पार करणार नाही असे दिसते, त्याला यातना भोगू न देता वेळीच गोळी घालावी आणि कळपांना आडोसा उपलब्ध करावा, हा त्यांचा सल्ला होता. म्हणजे रानटी मानलेल्या जनावरांचीही रोजची पाहणी आणि गुणांकन अटळ ठरले. अभयारण्य जवळच्या जंगलांशी जोडून जनावरांना वाट मोकळी करण्याची योजना मात्र २०१० नंतर बारगळली.

२०१७-१८ च्या हिवाळ्यात परिस्थिती हाताबाहेर गेली. पाच हजारांहून अधिक जनावरांपैकी तीन हजारांहून अधिक त्या हिवाळ्यात मेली आणि त्यांतील बहुतेकांना वनरक्षकांनीच गोळ्या घातल्या होत्या. संतप्त नागरिकांनी कुंपणावरून गवताच्या पेंढ्या फेकल्या. मार्च २०१८ मध्ये प्रशासनालाच वैरण टाकावी लागली. त्यानंतर नेमलेल्या व्हान गील समितीने मोठ्या चरणाऱ्या जनावरांची संख्या १,५०० च्या आत ठेवण्याची शिफारस केली आणि ती प्रांताने स्वीकारली. अनेक तट्टे परदेशांतील अभयारण्यांत हलवण्यात आली. हरणांची संख्या गोळ्या घालून कमी करण्यात आली आणि त्यावरूनही वाद झाला.

येथे पाहणी होत नव्हती असे नाही. वनरक्षक रोज कळप पाहत होते आणि खंगलेले जनावर ओळखत होते. परंतु पाहणीतून निघणारा एकच निर्णय त्यांच्या हाती होता, तो म्हणजे गोळीचा. चारा किती, तोंडे किती, याचा हिशेब उन्हाळ्याअखेर मांडून कळप आधीच लहान करण्याची मुभा धोरणाने ठेवली नव्हती. निर्णयाची वेळ निघून गेल्यावर पाहणीतून केवळ मरणाची नोंद होते.

न्यू फॉरेस्टची जुनी घडी

याउलट दक्षिण इंग्लंडमधील न्यू फॉरेस्टची घडी शतकानुशतकांची आहे. हे जंगल अकराव्या शतकात विल्यम राजाने शिकारीसाठी राखले. आजूबाजूच्या विशिष्ट घरे-जमिनींच्या धारकांना तिथे जनावरे चारण्याचा हक्क आहे. हजारो तट्टे तिथे मोकळी हिंडतात. पण प्रत्येक तट्टाला मालक आहे. ‘व्हर्डरर’ या पारंपरिक अधिकाऱ्यांचे मंडळ कारभार पाहते आणि त्यांनी नेमलेले ‘अजिस्टर’ रोज जंगलात फिरतात. शुल्क भरलेल्या तट्टाच्या शेपटीचे केस अजिस्टर आपल्या विभागाच्या विशिष्ट पद्धतीने कापतो, त्यामुळे तट्टू कोणत्या विभागातले ते दुरूनच ओळखू येते.

एखादे तट्टू खंगलेले दिसले तर ते जंगलातून घरी नेण्याचा आदेश मालकाला मिळतो. संख्या आवाक्यात राहावी म्हणून ठरावीक काळापुरतेच मोजके घोडे कळपांत सोडले जातात. शरद ऋतूत डुकरे सोडून ओकची फळे त्यांच्याकडून फस्त करवली जातात, त्यामुळे विषबाधेचा धोका घटतो. अंधारात वाहनांची धडक हे तिथल्या जनावरांच्या मृत्यूचे एक मोठे कारण आहे. त्यावर उपाय म्हणून अनेक तट्टांच्या गळ्यात चमकणारे पट्टे असतात. या व्यवस्थेतही त्रुटी आहेत. पण पाहणारा, निर्णय घेणारा आणि अंमलात आणणारा यांची साखळी तिथे स्पष्ट आहे.

औषध आणि ममता

मोकळ्या जनावरांवर उपचार करतानाही तारतम्य लागते. जंतांवरील आयव्हरमेक्टिन हे औषध मोठ्या प्रमाणात शेणावाटे बाहेर पडते आणि शेणकिड्यांच्या अळ्यांना मारक ठरते. ज्या कीटकांसाठी कळप ठेवला, त्यांचाच नाश उपचारातून व्हायचा. म्हणून सरसकट औषध न पाजता लिदेतील जंतांच्या अंड्यांची मोजणी करून, गरज असलेल्या जनावरालाच औषध देण्याकडे कल आहे. येथे संवर्धन आणि प्राणिकल्याण यांची हितसंबंधांची टक्कर मोजणीमुळेच सुटते.

पर्यटकांच्या ममतेचा प्रश्न वेगळाच. पाव, गाजरे किंवा बागेतील कापलेले गवत तट्टांपुढे टाकले जाते. आंबलेल्या गवताने पोटशूळ होऊन घोडा दगावू शकतो. बागेच्या कचऱ्यात यू या झाडाची पाने असतील तर थोडा पालाही प्राणघातक ठरतो. शिवाय माणसाकडून खाऊ मिळतो हे कळलेले जनावर रस्त्यावर येते आणि चावू-लाथाडू लागते. उन्हात आडवे झोपलेले शिंगरू मेलेले आहे, असे समजून येणारे दूरध्वनीही कमी नसतात. म्हणून अनेक ठिकाणी फलक लावून सांगितले जाते की, खाऊ देऊ नका, शंका आली तर दिलेल्या क्रमांकावर कळवा. असा निरोप दहा वेळा खोटा निघाला तरी अकराव्या वेळी तो जनावराचा जीव वाचवू शकतो.

जनावर मोकळे सोडणे म्हणजे त्याला सोडून देणे नव्हे. गोठ्यातील गाईच्या गरजा ठरलेल्या वेळी भागतात. मोकळ्या गाईच्या गरजा आधी ओळखाव्या लागतात. त्यासाठी महागडे तंत्रज्ञान लागत नाही. लागतो तो कळपाला ओळखणारा, पावसात-थंडीत पायपीट करणारा माणूस, त्याची नोंदवही आणि त्या नोंदीवर हिवाळ्यापूर्वीच निर्णय घेणारी यंत्रणा. या तिन्हींपैकी एक जरी गळली, तरी कुंपणाच्या आतील स्वातंत्र्य त्या मुक्या जनावराला फार महागात पडते.